चार ठोक्यांत अडकलेला देव

आबा, तुमचा आवाज सकाळपासून माझ्या खोलीत गोल गोल फिरतोय. तुम्ही देवाला हाक मारता ना, तेवढाच. ढोलाचे चार ठोके झाले की मी तुम्हाला परत पहिल्या ठोक्यावर आणून सोडतो. समोर जळोची गावची दोन पोरं बसलीत, त्यांना ह्या तालावर रॅप करायचंय, म्हणजे गायचं नाही, झरझर बोलत सुटायचं. तुम्ही ऐकलं असतं तर विचारलं असतं, "कुणासंगं भांडत्यात रं ही?" भांडतातच म्हणा. गावाशी, बापाशी, स्वतःशी. त्यांच्या भांडणाखाली घालायला ताल बनवणं हा माझा धंदा. आज संध्याकाळी गाणं पाठवून द्यायचंय, पण ह्या वेळी मी कापलंय ते तुमचं गाणं, आणि बटणावर बोट जात नाही बघा.

कारण तुमचा नियम मला पाठ आहे. आपल्या धनगरी ओवीनं देवाला बोलवायचं आणि ओवीनंच त्याला माघारी पोचवायचं. मधेच सोडलं तर देव तिथंच उभा राहतो, बिचाऱ्याला घरी जाता येत नाही. मेंढरं विकून उसात राबायला लागलात तरी हे तुम्ही सोडलं नाही. लासुर्ण्यात बिरोबापुढं पंगत बसलेली असते, आमटी पानात पडलेली असते आणि तुमची ओवी काही संपत नाही. तुमचे धाकटे भाऊ, तात्या, शेवटी ओरडतात, "आबा, उरका की आता! भाकरी गार झाली." तुम्ही ढोल न थांबवता म्हणता, "देव काय यस्टी हाय व्हय, मधल्याच फाट्यावर उतरवाया?" सगळी पंगत खो खो हसते आणि गार आमटी ओरपते. मी मात्र मान खाली घालून बसलेला असतो. त्या पोरवयात मला तुमच्या घोंगड्याची लाज वाटायची, ढोलाचीही वाटायची.

मग मी बारामतीला स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात कामाला लागलो. नव्वदीची मधली वर्षं ती. लोक कोरी कॅसेट आणि आवडीची गाणी सांगून जायचे, मी ती भरून द्यायचो. एकदा मालकाच्या पुतण्यानं पुण्याहून एक इंग्रजी कॅसेट आणली. शब्द कळेल तर शप्पथ! पण खालचा ताल ऐकून मी उडालोच. एकच तुकडा, फिरून फिरून तोच, आणि वर माणूस बोलत सुटलाय. मी मनात म्हटलं, च्यायला, ही तर आपली गजी! ढोलाभोवती रिंगण धरून नाचतात, तेव्हा हेच तर होतं, कुठंही जायचं नसतं, फिरून तिथंच यायचं असतं. त्या दिवसापासून दुकानातल्या दोन कप्प्यांच्या टेपवर मी तुकडे जोडायला लागलो. एवढंसं वाजवायचं, पॉज दाबायचा, मागं न्यायचं, परत तेवढंच भरायचं. बोटं आखडून जायची. पण त्यातनं एक गोष्ट मला कळली, निदान तेव्हा तसं वाटलं. कुठल्याही गाण्यात अंगावर काटा आणणारी जागा एकच असते. तेवढी उचलायची आणि बाकीचं सोडून द्यायचं.

तुम्हाला दुकानात बोलावलं तेही त्यासाठीच. बाजारच्या दिवशी ढोल खांद्याला लावून तुम्ही आलात. मालक जेवायला घरी गेला होता, मी शटर अर्धं खाली ओढलं. तुम्ही बसायच्या आधीच बजावलंत, "शेवटपातुर घेणार आसशील तर बसतो." मी म्हटलं, "घेतो की." अर्ध्यात कॅसेटची एक बाजू संपली, खट्‌कन बटण वर आलं. तुम्ही डोळे वटारले. "देवाला हुबा करून बाजू पलटतोस व्हय रं?" पण हात थांबवला नाहीत. मी बाजू पलटेपर्यंत बोटांनी हळू हळू ढोल चालूच ठेवलात, जणू पाहुण्याला म्हणताय, बसा जरा, आलोच. मला हसू आलं होतं, आबा. घड्याळाकडंही लक्ष होतं, मालक यायची वेळ झाली होती.

ती कॅसेट मी जन्मभर सांभाळली. कितीदा लावली म्हणून सांगू! पण लावली ती सुरुवातीच्या हाकेपुरती. काटा यायची जागा तीच ना.

आणि नुसती गाणीच नव्हे, मी माणसंही तशीच ऐकली. तुम्ही इंदापूरच्या दवाखान्यात होतात तेव्हा मी यायचो, मोसंबी आणायचो, चार गमती सांगून तुम्हाला हसवायचो. नर्ससुद्धा म्हणायची, मुलगा आला की आजोबा खुलतात. मग तुमचा खोकला सुरू झाला, कूस बदलायची वेळ आली की मी उठायचो, एस्टी गाठायची म्हणून. बाकीचं सगळं ताईनं केलं. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही माझं मनगट धरलंत. "ऱ्हा की आजचा दिस." मी म्हटलं, "उद्या येतो, आबा, लगीनसराई हाय, लई कॅसेटी भरायच्यात." तुम्ही मनगट सोडलंत. चांगला तेवढा तुकडा मी घेतला आणि बाकीचे आबा ताईवर टाकून निघून आलो. दुसऱ्या दिवशी आलो तो मातीलाच.

आज त्या दोघांतलं धाकटं पोरगं म्हणालं, "दादा, आबा पुढं काय म्हणत्यात? ऐकवा की." हाकेच्या पुढं मी ती कधी लावलीच नव्हती. लाज वाटून मी कॅसेट पहिल्यापासून लावली आणि बाजू पलटून शेवटपर्यंत जाऊ दिली. पोरं मोबाईल बाजूला ठेवून ऐकत होती. तुम्ही देवाला केवढ्या मायेनं पोचवलंय, आबा! वाटेतला ओढा आला, बाभळ आली, सांभाळून जा म्हणून सांगितलंत. ढोल थांबला. मला वाटलं, संपलं. तर टेप चालूच होता. तुमचा दम लागलेला आवाज आला, "नीट आलं का रं?" आणि त्यावर एक चिडका, कोवळा आवाज, "आलं आलं, उरका आता, मालक यील." तो मीच. पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि मी उठून खिडकीशी गेलो.

गाणं मी पाठवलंय, आबा. चार ठोके आहेत तसेच ठेवलेत, ते सोडवेनात. पण पोरांचं रॅप झाल्यावर तुमचं देवाला पोचवणं अख्खं लावलंय. थोरलं म्हणालं, "दादा, येवढा टाइम कोण थांबतंय?" म्हटलं, नसेल थांबत कुणी, पण ते राहील. कात्री एकाच ठिकाणी चालवली. शेवटचा माझा आवाज तेवढा काढून टाकला. "नीट आलं का रं?" असं तुम्ही विचारता, आणि त्यापुढं आता कुणीच काही बोलत नाही.