सतरावं पान आणि सहा आकडे

कोरीट, रविवार

चि. योगेंद्र यास गिरधरमामाचे आशीर्वाद.

पुण्यात तुझी प्रकृती ठीक असावी. आमचीही, वयाच्या मानाने, तक्रार करण्याजोगी आहे. हल्ली फोनवर सहा आकड्यांपलीकडे तुझं-माझं बोलणं होत नाही, म्हणून उरलेलं पत्रात लिहितो.

तुझ्या मामीच्या त्या जाड कादंबरीचं तुला ठाऊकच आहे. मोतीबिंदू असताना भिंग लावून तिने साडेचारशे पानं वाचली, आणि शेवटची सोळाच पानं गायब. (प्रत आपल्या वाचनालयाची. तिच्याआधी शेजारच्या गोकुळने नेली होती. तो म्हणतो, नेली तेव्हाच नव्हती. तीस वर्षं मानद ग्रंथपाल असून मी त्याचं काही करू शकलो नाही.) नवी प्रत आता छापत नाहीत, फक्त ई-पुस्तक मिळतं, म्हणून तू वाचायचं यंत्र पाठवलंस. नायिका घरी परतते की नाही, एवढंच मामीला कळायला हवंय. त्यात माझे दोन महिने गेले.

यंत्र गुणी आहे. हलकं, डोळ्यांना थंड, अक्षर बोराएवढं होतं. पण ते आपल्याच दुकानचं पुस्तक ओळखतं, आणि ही कादंबरी नेमकी दुसऱ्या दुकानात. तिचं कुलूप निराळं. तू ती रीतसर विकत घेतलीस, तरी यंत्र तिला दारात उभं करत नाही. मग सूनबाईचा, म्हणजे दामिनीचा, टॅबलेट आणला. त्यावर कुलूप उघडतं, पण आधी परवानगीचं ॲप, मग तुझं खातं, मग तुझ्या मोबाइलवर ओटीपी. नेट गेलं की सगळं पहिल्यापासून. (कोरीटला नेट जातं, हे तुला मी सांगायला नको.) माझ्या फोनवरही उघडतं, पण अक्षर मामीला दिसेल एवढं केलं की पानावर तीन शब्द मावतात. दात आहेत तिथे चणे नाहीत, चणे आहेत तिथे दात नाहीत. मी थकलो.

मधल्या काळात वाचनालयाचा सभासद रेवजी याने यंत्र आठ दिवस वाचायला मागितलं. नोंद केल्याशिवाय माझ्या हातून पुस्तक जात नाही, आणि प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर वाचनालयाचा शिक्का असतो, म्हणजे चोराने पहिलं पान फाडलं तरी सापडतो. मी यंत्रातलं सतरावं पान काढलं आणि सवयीने शिक्का मारला. आता ज्या पुस्तकाचं जे पान काढावं ते सतरावं. स्पिरिटने पुसलं, तरी 'सार्वजनिक' एवढं राहिलंच. रेवजीला त्याचं काही नव्हतं. त्याला त्यातलं एक पुस्तक काढून स्वतःच्या फोनवर हवं होतं. तसं देता येत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मास्तर, हाई पुस्तक शे का तिजोरी?"

राहता राहिला ओटीपी. मला ऐकू कमी येतं, म्हणून फोन मामी घेते. तिला दिसतं कमी, म्हणून आकडे मी दाबतो. तू सहा आकडे सांगतोस, ती चार मला सांगते आणि मग तुला विचारते, जेवलास का, भाजी कोणती, सर्दी गेली का. तोवर मुदत संपते. तू पुन्हा फोन करतोस. परवा असं पाच वेळा झालं. तेव्हा कृपा करून कुलूप नसलेली प्रत कुठे मिळाली तर पाठव, म्हणजे ही कटकट एकदाची मिटेल.

तुझा,
गिरधरमामा

ता. क. : मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात नंदुरबारला ठरतंय. तुला रजा मिळणार नाही, असं ती मला स्वतःच सांगते. मी विचारलेलं नसताना.

ता. क. २ : पाकिटासाठी डिंक शोधताना तिच्या पेटीत ती सोळा पानं सापडली. गोकुळने महिन्यापूर्वीच गुपचूप आणून दिली होती आणि तिने त्याच दिवशी वाचली. (नायिका परतते.) मी जाब विचारला, तर म्हणाली, "पुस्तक सरी गयं ते योगेंद्र फोन कसाले करी?"

तेव्हा वरची मागणी रद्द समज. रजेचं बघ. आणि तोवर ओटीपी सांगताना एखादा आकडा चुकवत जा.