अस्वलाने खाल्लेली खीर

वाडी, ५ मे २०२५

चि. दीक्षा हिस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझ्या जंगलातल्या कुटीवर मोबाईल लागत नाही, म्हणून हे पत्र सफारीची जिप्सी चालवणाऱ्या नागसेनजवळ देते आहे. यंदाही बुद्धपौर्णिमेला तू घरी नाहीस. वनरक्षक झाल्यापासून हेच चाललं आहे. त्या रात्री चांदणं असतं, पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजता येतात, हे मला आता पाठ झालं. पण पोरीविना पौर्णिमेची खीर माझ्या घशाखाली उतरत नाही. पुढच्या वर्षी नोकरी तरी सोड, नाहीतर नागपूरच्या ऑफिसात बदली घे.

तुझ्या बाबांनी मचाणावर बसायला नाव दिलं आहे. गोदामात ट्रक मोजतो तसे वाघ मोजीन म्हणतात. घोरायला लागले तर चिमटा काढ, नाहीतर जंगल रिकामं होईल.

तुझी वाट पाहणारी आणि रुसलेली,
आई

पेंच, १४ मे २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बाबा सुखरूप पोचले असतीलच. घडलेलं त्यांनी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

मचाणावर चढण्याआधी नियम मीच वाचून दाखवले. अत्तर नको, बोलणं नको, वासाचं खाणं नको. बाबांनी सगळ्यांत जोरात मान डोलावली आणि घरून आणलेला तुझ्या खिरीचा डबा खाली झुडपात लपवला. नंतर विचारलं तर, नियम मचाणावरचा होता, डबा तं खाली होता, चिडून काहून राहिली म्हणे.

चंद्र वर आला आणि अस्वल आलं. पाण्याकडे ढुंकूनही न पाहता थेट झुडपात शिरलं. त्याचं डोकं डब्यात अडकेल या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता. बाबा कानात पुटपुटत होते की घरची खीर आहे, त्याले काही होत नाही. शेवटी डबा भिरकावून ते निघून गेलं, तेव्हा मला रडू आलं.

गणनेच्या कागदावर प्राण्याने काय केलं ते लिहावं लागतं. मी खरं तेच लिहिलं, 'खीर खाल्ली'. खीर आणणारे माझे वडील, हेही लिहिलं. साहेबांनी बाबांना मचाण कायमचं बंद केलं आणि माझ्याकडे खुलासा मागितला. नोकरी गेली तर तुझ्या मनासारखं होईल. पण आई वं, मला ही नोकरी हवी आहे.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
दीक्षा

वाडी, २२ मे २०२५

चि. दीक्षा हिस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

तू स्वतःहून खरं लिहिलंस म्हणून साहेबांनी समज देऊन सोडलं, हे नागसेनकडून कळलं आणि मी आज पोटभर जेवले. पोरीनं सख्ख्या बापाविरुद्ध लिहिलं, काही लपवलं नाही, असं तुझे बाबा येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला छाती फुगवून सांगत आहेत.

लग्न झाल्यापासून ते माझ्या खिरीला नावं ठेवतात. कधी साखर कमी, कधी वेलची जास्त. अस्वलाने एक शब्द न बोलता डबा चाटूनपुसून साफ केला. तो डबा परत पाठव आणि त्यावरचे ओरखडे घासू नकोस.

बदलीचं बोलले ते विसर. बंदी बाबांवर आहे, माझ्यावर नाही. पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मचाणावर माझं नाव घाल. रिकाम्या हाताने येईन, हवी तर झडती घे. खीर दुसऱ्या दिवशी घरी येऊन खाऊ. तोवर पातेल्याची राखण बाबा करतील म्हणतात, पण पातेलं मी शेजारच्या सुमतीकडे ठेवून येणार आहे.

रुसवा सोडलेली,
आई