त्यांची भिंत, माझं झाड

४ जानेवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. तावातावाने लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

वसाहतीच्या समितीने ठरवलं आहे की सगळ्या घरांपुढे एकसारखी हिरवळ हवी आणि कडेला एकसारखी शोभेची झुडपं. त्यात माझं शिसवाचं झाड बसत नाही. अध्यक्ष स्वतः येऊन सांगून गेले की हे जंगली झाड वाढलं की कुंपणाची भिंत फोडेल, म्हणून महिनाअखेर ते काढा, नाहीतर समितीचा माणूस येऊन काढेल. मी त्यांना चहा दिला आणि नकारही दिला.

तुला आठवत असेल, मी सुतारकामाचा कारखाना बंद केला त्या वर्षी शिसवाच्या ओंडक्यांचा शेवटचा ट्रक आला होता. त्याच्या मागच्या फळीत मातीसकट अडकलेलं एवढंसं रोप मी काढून घेतलं. तेच हे. आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. जन्मभर दुसऱ्यांनी वाढवलेली झाडं चिरून मी खुर्च्या-कपाटं केली, चिमणे. एक तरी झाड माझ्या हातून वाढावं आणि ते कुणी कापू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

घोडं अडलंय ते भिंतीपाशी. ती तुझ्या काकांनी स्वतः बांधलेली. गवंडी नवरा आणि सुतार बायको, घरात दुसरा विषयच नसायचा. ते म्हणायचे लाकूड कुजतं, मी म्हणायचे वीट तडकते. ते गेले, भिंत राहिली. झाड तिच्यापासून जेमतेम दोन हातांवर, तिच्यावर हात टेकूनच मी रोज त्याला पाणी घालते.

तू रोपवाटिकेत काम करतेस. सोबत पान पाठवते. शिसव भिंतीला खरंच त्रास देतं का ते कळव. सभेत मला तोंडघशी पडायचं नाही.

तुझी
मावशी


११ जानेवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. पान पोचलं. रागावू नकोस, पण हे शिसव नाही.

शिसवाच्या देठावरची छोटी पानं जवळजवळ गोल असतात. तुझी लांबट आहेत आणि त्यांच्या टोकाला किंचित खाच आहे. मला हा बिबळा वाटतो. खात्री हवी तर सालीवर नखाएवढी चीर दे. लालभडक रस आला तर बिबळाच. ट्रक शिसवाचा होता म्हणून रोपही शिसवाचंच, हे फक्त तूच ठरवू शकतेस! फळी पुढे केली असती तर डोळे मिटून सांगितलं असतंस, पण उभं झाड तू आयुष्यात कधी नीट बघितलं आहेस का?

आता कडू औषध. बिबळाही शिसवासारखाच पक्क्या लाकडाचा, इथल्याच मातीतला आणि मोठा होणारा. भिंतीपासून दोन हातांवर त्याला जागा पुरायची नाही. अध्यक्षांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आणि एवढं वाढलेलं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर ते जगेल असं मला वाटत नाही, त्याचं मूळ फार खोल गेलेलं असणार. काकांची भिंत की झाड, एवढंच उरतं. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मलाच कळत नाही.

तब्येतीला जप आणि सभेत आवाज चढवू नकोस, म्हणजे फार चढवू नकोस.

तुझी
चिमणी


२२ जानेवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. चीर दिली. आयुष्यभर करवत चालवली, पण ही एवढीशी चीर द्यायला तीनदा जागा बदलली. रस लाल आला. बिबळाच.

सभेत मी आधीच सांगून टाकलं की इतके दिवस शिसव म्हणत होते, ती माझी चूक होती. अध्यक्षांना आयतंच फावलं. ज्या झाडाचं नावसुद्धा ठाऊक नाही त्याच्यासाठी एवढा हट्ट कशाला, असं ते म्हणाले, आणि लोक हसले. मी म्हटलं, नाव चुकलं, पत्ता चुकलेला नाही. मग ते म्हणाले की हे झाड मोठं होईल तेव्हा तुम्ही असणार आहात का. मी सांगितलं की नसणार, म्हणूनच आत्ता भांडते आहे. पण ठराव झाला तो झालाच. भिंतीला धोका असलेलं झाड काढायचं.

घरी येऊन भिंतीपाशी उभी राहिले. खूप रडले. तुझ्या काकांवर चिडलेही, इतकी चांगली भिंत कशाला बांधली म्हणून.

तुझी
मावशी


६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. ठरावात भिंतीला धोका असलेलं झाड असं लिहिलंय ना? मग मी भिंतच काढली.

सगळी नाही, झाडापुढची तेवढी. सकाळी तुझ्या काकांचाच हातोडा घेतला. त्यांचं काम इतकं पक्कं की दुपारपर्यंत जेमतेम चार थर निघाले. प्रत्येक विटेला त्यांना शिव्या घातल्या आणि प्रत्येक वीट पुसून बाजूला रचली. मग त्यांच्याच थापीने नवी भिंत झाडाच्या मागून, आतल्या बाजूने वळवून घेतली. अंगण बरंच आक्रसलं. भिंत वाकडीतिकडी झाली आहे, ते असते तर तीन दिवस जेवले नसते.

समितीचा माणूस कुऱ्हाड घेऊन आला. झाड भिंतीच्या बाहेर, पण माझ्याच जागेत, आणि भिंत त्याच्यापासून चांगली लांब. तो अध्यक्षांना घेऊन आला. अध्यक्षांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि शेवटी एवढंच म्हणाले की भिंत सरळ नाही. मी म्हटलं, सरळ भिंतीचा ठराव करा, मग बघू.

उरलेल्या विटांचा झाडापाशी कट्टा केला. काल संध्याकाळी फिरून दमलेले अध्यक्ष त्याच्यावर टेकलेले दिसले. मी खिडकीतून बघत होते. उठवलं नाही.

आता एक काम कर. तुझ्याकडून एक खरं शिसवाचं रोप पाठव, पान नीट बघून. घरामागे तुझ्या काकांची आणखी एक भिंत आहे.

लोभ आहेच, तो झाडाबरोबर वाढू दे.

तुझी
मावशी