खोडायचं राहिलेलं पुस्तक

बाबा, तुमचं हिरव्या कव्हराचं पुस्तक अजून कुणी खोडलेलं नाही. आज सकाळी दुकानातल्या बाईंनी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं. सवयीप्रमाणे मी दोनदा विचारून घेतलं. पुस्तक कळंबहून परत आलं आहे, शिवण नीट झाली आहे, पानं सगळी जागेवर आहेत आणि समासातलं तुमचं पेन्सिलीचं लिखाण जसंच्या तसं आहे. इतकं सगळं पक्कं झालंय. बाकीच्या दहा पुस्तकांतलं गेलं, तेही पक्कं आहे.

तुम्हाला दुकान म्हणजे काय ते सांगायला हवं. आई गेल्यावर तुळिंजचं घर रिकामं केलं, त्याला आता वर्ष होईल. मी जूचंद्रच्या बाजूला राहतो, सातव्या मजल्यावर. खालच्या रस्त्याला एका इमारतीच्या दोन गाळ्यांत जुन्या वस्तूंचं दुकान आहे. चालवतात सगळ्या निवृत्त बायका, पगार कुणालाच नाही. लोक नको झालेलं आणून देतात. त्या ते धुतात, पुसतात, इस्त्री करतात, मिक्सर फिरतोय का बघतात आणि मांडून ठेवतात. एका गाळ्यात साड्या, शर्ट, दप्तरं, झाकण हरवलेले डबे, लग्नात आलेली आणि कधीच न लावलेली भिंतीवरची घड्याळं. दुसऱ्या गाळ्यात पुस्तकं. स्टीलच्या भांड्यांवर कुणाकुणाची नावं कोरलेली असतात, ती जात नाहीत, भांडी तशीच विकली जातात. पुस्तकांचं मात्र तसं नाही. दुकानाचा नियम असा की पुस्तक कोरं झाल्याशिवाय फळीवर चढत नाही. दर मंगळवारी तीन वाजता दोघीतिघी टेबलाभोवती खोडरबर घेऊन बसतात आणि आत पेन्सिलीनं जे काही लिहिलेलं असेल ते खोडतात. घेणाऱ्याला उष्टं वाटू नये म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वी मी तिथे गेलो ते कामासाठी. रविवारच्या पुरवणीत आठशे शब्दांचा मजकूर हवा होता आणि घराखालीच विषय आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. हल्ली लांब जायचं जिवावर येतं. बायकांशी बोलून झालं, फोटो झाले, मग उगाच फळ्या बघत उभा राहिलो. जुन्या पुस्तकांसमोर उभं राहिलं की पूर्वी हात शिवशिवायचे. आता मी नुसता वाचत जातो, दहावीची गाइडं, राशिभविष्य, पाककृती, पुन्हा गाइडं, आणि मनात दुसऱ्याच बातमीचं शीर्षक चालू असतं. गुडघा दुखत होता, म्हणून खालच्या फळीकडे वाकणारही नव्हतो. पण तिथे सुतळीनं शिवलेला एक पुठ्ठा दिसला. पुस्तकाची पाठ सुटली की कंपनीतल्या पॅकिंगच्या सुतळीनं, गोणी शिवायच्या सुईनं ते शिवणारा माणूस मला एकच माहीत आहे.

उघडलं. समास पांढरा. पान खिडकीकडे तिरकं धरलं तेव्हा पेन्सिलीच्या दाबाच्या खाचा दिसल्या, अक्षर लागत नव्हतं.

तुम्ही स्टोअरकीपर. कार्डावर नोंद केल्याशिवाय माल हलवायचा नाही, हे तुम्ही घरातही पाळायचात. पुस्तक मिटताना जिथे थांबलात तिथे समासात तारीख, ‘इथवर’ आणि पुढे चारपाच शब्द. कानामागे पेन्सिलीचा तुकडा. ट्यूबलाइट एकच, ती स्वयंपाकघरात, म्हणून तुम्ही ओट्याशेजारी पाटावर बसून वाचताय, आई तुमच्या डोक्यावरून हात लांबवून मिठाची बरणी काढतेय आणि म्हणतेय, “सरका जरा, का फोडणीत वाचणार?” तुम्ही पुस्तकातून डोकं न काढता दोन इंच सरकताय. मी मागून डोकावलो की पान हातानं झाकायचात. “पुस्तक वाच. माझं काय वाचतोस?” मी वाचलं नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. एवढी वर्षं ती अकरा पुस्तकं आईच्या खोलीत माळ्यावर होती आणि मी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कागदपत्रांच्या प्रती मागत होतो.

तर पुस्तक हातात घेऊन मी टेबलाशी गेलो. बाई सत्तरीच्या असतील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्या शेजारी इथल्या गावातलीच दुसरी एक, त्यांच्याहून थोडी धाकटी, चादरींच्या घड्या घालत होती. सगळ्या तिला वहिनी म्हणतात.

“हे तुम्ही खोडलंत?” मी विचारलं. आवाज चढला असणार, कारण वहिनींचे हात थांबले.

“हो, मग! चार रबरं संपली त्या खोक्यात,” बाई कौतुकानं म्हणाल्या. “पानापानावर होतं हो.”

“कुणी सांगितलं तुम्हाला खोडायला?”

बाईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्हीच, साहेब. तुमचंच ना ते खोकं? दारात गाडी चालू ठेवून उभे होतात. मी वरचं पुस्तक उघडून दाखवलं, म्हटलं आत लिहिलंय, बघून घेता का? तुम्ही म्हणालात, खोडून टाका. मी परत विचारलं. तर म्हणालात, अहो बाई, खोडा हो, मला उशीर होतोय.”

मला आठवलं. चार वाजता पान छपाईला जायचं होतं आणि एका नगरसेवकाची प्रतिक्रिया यायची राहिली होती. ती प्रतिक्रिया काय होती, कशाबद्दल होती, आज विचाराल तर सांगता येणार नाही.

“पत्रकार हाय ना?” वहिनी घडीवर हात दाबत म्हणाल्या. “दुसऱ्याचं सगलं ध्यानान, सोताचं बोललेलं इसरतंय.”

“गप गं,” बाई म्हणाल्या.

“मी का गप? पुस्तकान कोन लिवतं? आमच्या पोरांनी लिवलं आसतं तं हात मोडला आसता मी.”

मी खुर्चीवर बसलो. बाईंनी पाणी दिलं. मग त्या जे बोलल्या त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलंय. त्या म्हणाल्या, “मी खोडते, पण आधी वाचते. छत्तीस वर्षं वह्या तपासल्या, न वाचता पान उलटायला हातच होत नाही. तुमच्या वडलांचं सगळं वाचलंय मी.” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला गालगुंड झालं होतं ना लहानपणी? दोन्ही बाजूंनी?”

मी मान हलवली.

“‘इथवर. खाडा. पोर गिळत नाही.’ दुसऱ्या दिवशी परत, ‘इथवर. खाडा. पेज दोन चमचे गेली.’ मला ते चमचे लक्षात राहिले.”

बाबा, माझ्या आठवणीत त्या तापात फक्त आई आहे. तुम्ही कामावर गेला होतात, अशी माझी पक्की समजूत. मी ती दोनचार ठिकाणी सांगितलीही आहे, एकदा तर छापलीसुद्धा, वडिलांवरच्या एका लेखात, कामात बुडालेला माणूस वगैरे. कधीही खाडा न करणारे तुम्ही दोन दिवसांचा पगार कापून घेऊन घरी बसलात, वाचत बसलात आणि चमचे मोजलेत. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस माझ्या नात्यातलं नाही. बाईंना आणखीही आठवत होतं. नळाला पाणी न आल्याच्या नोंदी पुष्कळ होत्या. एकदा ‘हिला चप्पल’, एवढंच. एकदा ‘साहेब ओरडले. बरोबर होतं.’ बाई हसल्या. “असं कोण लिहितं स्वतःबद्दल! मला तर वाटलं, ह्यांना भेटायला हवं होतं.” मी वही काढून हे लिहून घेत होतो, कार्यक्रमाचं लिहून घ्यावं तसं. त्यांनाही सगळं आठवत नव्हतं. “दहा पुस्तकं हो, त्यात मधे कितीतरी दुसरी खोडली,” असं त्या दोनदा म्हणाल्या, जणू चूक त्यांची.

मग म्हणाल्या, “एक आहे शिल्लक. शिकारीच्या गोष्टींचं, हिरवं. त्याची शिवण पार उसवली होती, म्हणून बांधणीला गेलंय. कळंबला आमचे एक गृहस्थ आहेत, ते घरी नेऊन करून देतात. त्यांचा हात सावकाश. ते खोडायचं राहिलंय.”

हिरवं म्हटल्यावर मी वही मिटली. ते तुम्ही शेवटच्या वर्षी वाचत होतात. ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेलच. नगरपालिकेतल्या कारकुनाच्या नोकरीचं पत्र आलं होतं आणि मी ते घेणार नाही, वसईच्या दैनिकात बातमीदार होणार, असं सांगितलं. आई तव्यावर सुकट भाजतेय, घरभर वास, खिडकी बंद कारण शेजारी नाक मुरडतात. तुम्ही कानामागची पेन्सिल काढता. मग पाटावर बसल्या बसल्या म्हणता, “म्हणजे दुसऱ्यांच्या घरात काय झालं ते लिहीत हिंडणार. आपल्या घरात काय चाललंय ते कळतं का तुला?” आई म्हणते, “असं बोलू नका.” मी म्हणतो, “कळण्यासारखं काय घडतं इथे?” हे मीच म्हटलं, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. तुम्ही हिरवं पुस्तक उघडलंत. वाचलं नाहीत, सरळ समासात लिहायला लागलात. नेहमीचे चार शब्द नव्हते. पेन्सिलीचं टोक मोडलं, तुम्ही दाढीच्या पात्यानं ते तासलंत, भुसा जमिनीवर पडू नये म्हणून तळहातात धरलात, आणि परत लिहीत राहिलात. मी चपला घालून बाहेर गेलो. त्यानंतर आठ महिने आपण बोललो ते टँकर आला का आणि सिलिंडर संपला का एवढंच. मग तुम्ही गेलात.

इतकी वर्षं मी त्या लिहिण्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे आठवलं नाही असं नाही. पहिली बातमी पहिल्या पानावर आली तेव्हा आठवलं, आई सोबत नसताना एकट्यानं जेवायला लागलो तेव्हा आठवलं. पण पुस्तक माळ्यावर आहे, कधीही काढून बघता येईल, अशी सोय होती. ही सोय फार वाईट असते. शेवटी ते खोक्यात घालताना मी वरची धूळसुद्धा पुसली नाही. घर रिकामं करायची तारीख ठरली होती आणि आयुष्यभर मी फक्त तारखा पाळल्या आहेत.

मजकूर मी दिला, आठशे शब्द, वेळेवर. त्यात तुम्ही नाही. खोडायच्या मंगळवारावर एक परिच्छेद होता, तो चांगला झालाय असं संपादकांचा पोरगेला आवाज फोनवर म्हणाला. मी थँक्यू म्हटलं. तीन आठवडे रोज घरी जाताना दुकानावरून गेलो. कळंबहून पुस्तक आलं की कळवते, असं बाईंनी सांगितलं होतं, त्यामुळे आत जायचं कारण नव्हतं. खरं सांगायचं तर ते येऊ नये असंही वाटत होतं. त्या गृहस्थांचा हात आणखी थोडा सावकाश चालला असता तर मला चाललं असतं.

आता ते आलं आहे. बाईंनी टेबलाच्या खणात ठेवलंय. अडचण अशी की उद्या मंगळवार, बाईंना डोळे तपासायला जायचंय, त्या चारपर्यंत येतील. खणाची किल्ली वहिनींकडे. “तिला सांगून ठेवलंय मी,” बाई म्हणाल्या, “पण तिचा भरवसा नाही हो. लिहिलेलं पुस्तक दिसलं की तिला राहवत नाही, लगेच रबर घेते. तुम्ही तीनच्या आत या आणि घेऊन जा.” मी येतो म्हटलं. तीनला माझी बैठक आहे, ती पुढे ढकलायला सांगितलीय. असं मी आजवर कधी केलेलं नाही, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांना वाटलं मला बरं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न येत नाही. तुमच्याकडे पाठवायचा पत्ता तुळिंजचा, तिथे आता दुसरी माणसं राहतात. एक गोष्ट मात्र वर सांगितली नाही. आज फोन ठेवायच्या आधी बाई म्हणाल्या, “ते मोठं लिहिलंय ते पान माझ्यासमोरच उघडं आहे. वाचून दाखवू का? दोन मिनिटं लागतील.” मी म्हटलं, “आत्ता नको, ऑफिसात आहे, माणसं आहेत भोवती.” मी घरी होतो, बाबा. एकटाच होतो. उद्या तीनला वहिनी खण उघडतील, आणि त्याआधी मी दुकानाच्या दारात असेन असं मी बाईंना सांगितलेलं आहे.