दुसऱ्या वेळेसाठी राखलेलं रडू

आई,

काल बोल्झानोत बाबांना पुरलं. तू नापोलीहून आली नाहीस, बरंच केलंस.

मी नट म्हणून काम करतो त्या सिनेमांचं तुला ठाऊकच आहे. प्रत्येक प्रसंग दोनदा करायचा, आधी बाबांच्या जर्मनमध्ये, मग तुझ्या इटालियनमध्ये. इतकी वर्षं मी रडू दुसऱ्या वेळेसाठी राखत आलो.

काल शवपेटीवर माती टाकली आणि तिथेच उभा राहिलो. लोक पांगले. वाल्ट्राउड आत्या दंडाला धरून म्हणाली, "चल की रे, खाणावळीत सूप गार होतंय. कसली वाट बघतोयस?"

"दुसऱ्या वेळेची."

तिने माझा दंड सोडला. मग म्हणाली, "अरे, हे एकदाच असतं."

हे पत्र जर्मनमध्ये लिहिलंय, तुला वाचता येणार नाही. इटालियनमध्ये लिहायला घेतलं, तर रडावं लागेल.

तुझा,
रुपर्ट