बकऱ्यांची टक्केवारी

किन्हीराजा,
जानेवारी १९७८

प्रिय देवमन,

तुझं रडगाणं पोचलं. यंदा तुझ्या विद्यार्थ्यांना कुणी नोकरी दिली नाही, तर नागपूर विद्यापीठ योजना-मूल्यमापनाचा वर्ग बंद करणार. तेव्हा मी आमच्या संस्थेच्या जानराव साहेबांकडे शब्द टाकावा, असं तू लिहिलंस. टाकला बाबा! साहेब म्हणाले, "विद्यापीठातली पोरं? नको बुवा!" आणि माझ्याकडे बघून खो-खो हसले. त्यांच्या हसण्याला कारण आहे. त्याच वर्गात, तुझ्याच शेजारच्या बाकावर शिकलेल्या बाईनं इथे काय दिवे लावले ते ऐक.

संस्थेनं तांड्यावर बकऱ्या वाटल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते बघायला मी गेले आणि ऐटीत सांगितलं, "मूल्यमापन करायला आलेय." तांड्यानं त्यातलं 'मूल्य' तेवढं ऐकलं. बाई बकऱ्यांचा भाव करून त्या परत न्यायला आली! मग काय, घरोघरी एकच उत्तर, "बकरी मेली." योजना शंभर टक्के फसली असं मी लिहिणार, तोच भुरीबाईच्या घरात गोधडीमागून "बेंऽऽ" आलं. ती शांतपणे म्हणाली, "पोट्टं खोकलून राह्यलं, बाई." लगेच दुसरं पोट्टंही खोकललं. मला हसू आवरेना, मग तिलाही.

त्या दिवशी कागद पिशवीत कोंबले आणि तिच्यासोबत तूर बडवायला बसले. आता तांड्यातली प्रत्येक बकरी मला नावानिशी माहीत आहे. देवमन, नमुना कसा निवडायचा हे आपण दोन वर्षं घोकलं, पण माणसाजवळ बसून बोलायचं कसं, याचा एक तासही झाला नाही. नोकरी देणाऱ्याला नेमकं तेच हवंय. तेवढं शिकव, वर्ग बंद पडणार नाही.

साहेब शेवटी दोन विद्यार्थी घ्यायला तयार झालेत. अट एकच, शिकवणाऱ्यानं आधी उन्हाळ्यात महिनाभर इथे येऊन काम करावं. खरं सांगू? ही अट मीच त्यांच्या गळी उतरवली. भुरीबाईनं परवा विचारलं, "बाई, तुमचा मालक कोठी राह्यते?" आणि मी बोलून गेले, "नागपुरात शिकवतो." नागपूर सोडताना जे तुला सांगायला जीभ रेटली नाही, ते तिला पटकन सांगून बसले. यायचं नसेल तर सरळ तसं लिही. अट मी मागे घ्यायला लावीन, तुझ्या त्या दोन विद्यार्थ्यांनाही सांभाळीन. पण ये रे, आणि माझं उत्तर खरं कर.

तुझीच म्हणवून बसलेली,
अंजना