अठ्ठावीसच दाखवणारा गेज

मंगळवार, डिसेंबर २००६. पांढरकवडा

आज मोटरसायकलसाठी हवा मोजायचा गेज आणला. दुकानात तीन गेज मागच्या चाकाला लावून पाहिले. दोन दर वेळी वेगळाच आकडा सांगत होते. तिसऱ्याची बाहेर सरकणारी आकड्यांची कांडी मात्र प्रत्येक वेळी अठ्ठावीसवरच थांबली. हाच भरवशाचा, म्हणून घेतला.

घरी सुनंदाने विचारलं, "हवा काढून पाह्यलं का?"

"कायले? दर वेळी अठ्ठावीसच दाखवते."

"मंग तं पाहाच."

अर्धी हवा सोडली. चाक अंगठ्याने दाबलं तर आत जातंय, आणि गेज म्हणतो अठ्ठावीस. कांडी तिथेच अडकत असणार. उद्या परत करायला हवा. दुकानदार घेईल का?

पण डोक्यात आता गेज नाहीच. गावाकडे, झरीला, दादा एकटा राहतो. यंदा कापूस हातचा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी फोन करतो, आणि तो रोज म्हणतो, "ठीक हाय." परवाही तेच, कालही तेच, त्याच आवाजात. मी निश्चिंत होऊन फोन ठेवतो. अठ्ठावीस.

गेज राहू दे. सकाळी चाकात हवा भरून आधी झरीला जातो. फोन न करता.